कॉलरच्या आतले दोन टाके

कपडा हातात आला की दोरेमास्तर आधी कॉलर उलटी करत. कापड कुठलं, डाग कसला, बटणं किती, हे सगळं नंतर. कॉलरच्या आत, मानेच्या मागे येते तेवढ्या चार बोटं जागेत त्यांचा संसार होता. लाल दोरा म्हणजे मुख्य दुकान, निळा म्हणजे बाजारातली शाखा, पिवळा म्हणजे पुलापलीकडची. उभा टाका म्हणजे दहा, फुली म्हणजे एक. लाल रंगात तीन उभे आणि चार फुल्या दिसल्या की मुख्य दुकानाचं चौतीस नंबरचं गिऱ्हाईक. टाके इतके बारीक की घालणाऱ्याला वर्षानुवर्षं पत्ता लागू नये आणि इतके पक्के की शंभर वेळा धुतलं तरी सुटू नयेत.

शहरातल्या सगळ्यात मोठ्या लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत त्यांचं टेबल होतं. एका बाजूला मळक्या कपड्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला खूण घातलेल्यांचा, मधे सुयांचा डबा आणि कागदी पुड्यांचा गठ्ठा. या पुड्या खिशांसाठी. खिशात जे सापडेल ते पुडीत घालायचं, पुडीवर नंबर टाकायचा आणि धुतलेल्या कपड्याला टाचून परत द्यायचं. मग ती किल्ली असो, प्रेमपत्र असो, नाहीतर अर्धी चघळलेली गोळी. एकदा काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "मास्तर, ही बसची दोन वर्षांपूर्वीची तिकिटं. टाकून देऊ?"

"तुझी आहेत का?"

"नाही."

"मग टाकणारी तू कोण?"

मी धुलाई व्यावसायिकांच्या संघटनेच्या कार्यालयात सचिव आहे. एकतीस वर्षं झाली, येत्या वर्षअखेर निवृत्त होईन. सभांच्या सूचना काढणं, इतिवृत्त लिहिणं, पत्रांना उत्तरं देणं हे माझं काम. मास्तरांचे मालक आमच्या संघटनेचे अध्यक्ष असल्यामुळे त्या मागच्या खोलीत माझं जाणंयेणं असे. मास्तरांबद्दल एक गोष्ट धंद्यात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी बोलत नव्हतं. पंचविशीत असताना ते चौदा महिने शहराबाहेरच्या मनोरुग्णालयात होते. हा विषय निघालाच तर जुनी माणसं म्हणत, "मास्तर तेव्हा बाहेरगावी होते." बाहेरगावाहून आल्यावर थोरल्या मालकांनी, म्हणजे अध्यक्षांच्या वडिलांनी, त्यांना या टेबलावर बसवलं. तिथंच त्यांना तेहतीस वर्षं झाली. लग्न केलं नाही. थोरल्या भावाच्या घरी राहत. भाऊ गेल्यावर वहिनी आणि ते, अशी दोनच माणसं घरात उरली.

आमची संघटना दरवर्षी एखाद्या सामाजिक कामाला हात लावते. एका वर्षी शाळेला बाकं दिली, एका वर्षी डोळ्यांच्या दवाखान्यात पंखे बसवले. गेल्या वर्षी अध्यक्ष कसल्याशा उद्योग परिषदेला जाऊन आले. तिथं एका डॉक्टरांनी मानसिक आरोग्यावर भाषण केलं होतं. कार्यकारिणीच्या सभेत ते म्हणाले, "यंदा आपण मानसिक आरोग्यासाठी काहीतरी करू. मोठे उद्योग करताहेत. आपण मागे का राहायचं?"

ड्रायक्लीनवाल्या बाई आमच्या कार्यकारिणीतल्या सगळ्यात जुन्या सभासद. त्या म्हणाल्या, "आधी आपल्या नऊजणांत डोकं ठिकाणावर असलेला एक दाखवा. मग बाहेरच्यांना मदत करू."

हसणं ओसरल्यावर त्यांनीच मुद्द्याची गोष्ट सांगितली. मनोरुग्णालयातलं धुलाईचं मशीन वर्षभरापासून बंद होतं, कपडे कढईत उकळून काढत होते. "पाणी, साबण आणि वाफ, आपल्याकडे हेच आहे. हेच देऊ. ज्यातलं आपल्याला काही कळत नाही त्यात नाक खुपसायला नको."

अध्यक्षांना याहून झगमगीत काहीतरी हवं होतं, पण विरोध करायला कारण सापडलं नाही. ठरलं ते असं: पुरुषांच्या दीर्घ मुदतीच्या वॉर्डात छत्तीस खाटा, प्रत्येकी तीन जोड. चार आठवडे अध्यक्षांच्या लॉन्ड्रीत मोफत धुवायचे, जमलं तर रुग्णालयातले सगळे वॉर्ड धरून संघटनेनं काम वाटून घ्यायचं. कपडे वजनावर यायचे आणि वजनावर परत जायचे. मी तसा करारही लिहिला.

पहिलं गाठोडं आलं त्या दिवशी मी तिथंच होतो. सगळे शर्ट एकाच राखाडी रंगाचे, लहान, मध्यम आणि मोठे एवढाच फरक. मास्तरांनी पहिला शर्ट उचलला, कॉलर उलटी केली, रिकामी बघितली आणि गाठोडं घेऊन आलेल्या वॉर्डाच्या सेवकाला विचारलं, "हा कुणाचा?"

"वॉर्डाचा."

"वॉर्डातल्या कुणाचा?"

"कुणाचाही. ज्याला बसेल त्याचा. रोज सकाळी ढीग ठेवतो, वरचा येईल तो घालायचा."

मास्तरांनी शर्ट खाली ठेवला. दुसरा उचलला, तोही ठेवला. मग मला म्हणाले, "सचिवसाहेब, याला खूण कशी घालू? खुणेला माणूस लागतो."

"घालायचीच नाही आहे मास्तर. करारात नाही."

"मग हरवला तर?"

"कुणाचा हरवणार? कुणाचाच नाही तो."

त्या रविवारी, म्हणजे त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, ते सुयांचा डबा घेऊन वॉर्डात गेले हे मला नंतर कळलं. तेहतीस वर्षांनी त्या दारातून ते आत गेले ते असे. मेट्रनबाईंना त्यांनी लॉन्ड्रीकडून आल्याचं सांगितलं, खिडकीजवळ स्टूल घेतलं, धुतलेल्या कपड्यांचा ढीग शेजारी ठेवला आणि एकेका खाटेवरच्या माणसाला जवळ बोलावलं. प्रत्येकाच्या मापाचे तीन शर्ट आणि तीन विजारी काढायच्या, त्याच्या हातात द्यायच्या, त्याच्या समोर टाके घालायचे. खाटेचा नंबर तोच खुणेचा नंबर. गिऱ्हाइकांना घालतात तसे लपवून नाहीत, जाड दोऱ्यानं, बोट फिरवलं तरी लागतील असे. मग त्याचं बोट धरून त्यावरून फिरवायचं आणि म्हणायचं, "हे तुमचं." कुणी ऐकलं, कुणी नाही. एकतीस नंबरचे गृहस्थ पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते. त्यांचं बोट मास्तरांनी तीन उभ्या टाक्यांवरून आणि एका फुलीवरून फिरवलं तेव्हाही त्यांनी मान वळवली नाही. लागोपाठ तीन रविवार हे काम चाललं.

इथं मास्तरांकडून एक चूक झाली. ती लॉन्ड्रीतल्या माणसाकडूनच होऊ शकते. खूण घातली की कपडा आपल्या माणसाकडे जातोच, असं त्यांच्या हाडांत मुरलेलं होतं. त्यांच्या टेबलापासून पुढं धुणारा, इस्त्रीवाला, काउंटरवरची मुलगी, सगळे खूण बघूनच हात हलवत. वॉर्डात कुणी खूण बघणार नाही हे त्यांच्या मनातच आलं नाही. कपडे करारानुसार वजनावर परत गेले आणि सेवकानं नेहमीसारखा ढीग मांडला.

चौथ्या आठवड्यात मेट्रनबाईंचं पत्र आलं. विषय होता, 'कपड्यांवरील खुणांमुळे वॉर्डात उद्भवलेल्या गैरसोयीबाबत'. कार्यकारिणीच्या सभेत ते मीच वाचून दाखवलं. एक, पूर्वी कपडेवाटपास पंधरा मिनिटे लागत, आता सव्वा तास लागतो, कारण रुग्ण कॉलरी तपासत बसतात. दोन, त्यामुळे सलग तीन दिवस नाश्त्यास उशीर झाला. तीन, खाट क्रमांक बारा व एकोणीस यांनी वऱ्हांड्यात एकमेकांच्या अंगावरून शर्ट काढले. सेवक सोडवण्यास गेला असता ते भांडण नसून अदलाबदल असल्याचे आढळले. चार, खाट क्रमांक एकतीस हे गेली दोन वर्षे कोणाशीही बोलत नाहीत. गुरुवारी त्यांनी दिलेला शर्ट परत केला व 'हा माझा नाही' असे मोठ्याने सांगितले. दुसरा शर्ट घालण्यास नकार देऊन ते दिवसभर उघडे बसले. तरी खुणा काढून टाकाव्यात अथवा सेवा थांबवावी, ही विनंती.

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. "बघा. मी म्हणत होतो. फुकट धुऊन दिलं आणि वर तक्रार."

कुणीतरी म्हणालं, मास्तरांनी विचारल्याशिवाय असं करायला नको होतं. दुसरं कुणी म्हणालं, माणूस चांगला आहे, पण शेवटी, म्हणजे, तुम्हाला माहीतच आहे. मीही खाली मान घालून इतिवृत्ताचे मुद्दे लिहीत होतो. चौथा मुद्दा मी वाचला होता तो इतर तीन मुद्द्यांसारखाच, तक्रारीच्या सुरात. त्यात काही वेगळं आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, ही गोष्ट कबूल करायला हवी.

अध्यक्षांनी तिथल्या तिथं नवी योजना मांडली. धुलाई बंद करायची. त्याऐवजी सगळ्या रुग्णांना नवे कोरे कपडे द्यायचे, खिशावर, नव्हे, त्या शर्टांना खिसा नव्हताच, छातीवर संघटनेचं बोधचिन्ह. मोठ्या सभागृहात कार्यक्रम. "आणि व्यासपीठावर आपले मास्तर. पाच मिनिटं बोलतील. तिथून बाहेर आलेला माणूस आपल्या धंद्यात तेहतीस वर्षं काम करतो, याहून मोठं उदाहरण कुठलं? लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

ड्रायक्लीनवाल्या बाई म्हणाल्या, "मास्तरांना विचारलंत?"

"विचारतो की. ते माझ्या शब्दाबाहेर नाहीत."

विचारायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. कार्यक्रमपत्रिकेत नाव घालायला संमती हवी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मास्तरांच्या घरी गेलो. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र, आतल्या खोलीत वहिनी शेंगा निवडत बसलेल्या. सत्तरी उलटलेल्या, पण आवाज खणखणीत. मास्तर त्यांच्यासमोर बसून त्यांनी निवडलेल्या शेंगा पुन्हा निवडत होते.

"बघा हो सचिवसाहेब," वहिनी म्हणाल्या, "चाळीस वर्षं मी शेंगा निवडते आणि चाळीस वर्षं हे माझ्यामागून तपासतात."

"एक किडकी सापडली," मास्तर म्हणाले.

"एक सापडली म्हणे. ठेवली होती मी मुद्दाम, तुम्हाला काम हवं म्हणून."

मी पत्राची हकिकत सांगितली. अध्यक्षांची योजना सांगितली. कार्यक्रम, व्यासपीठ, पाच मिनिटं. मास्तरांचे हात थांबले नाहीत.

"आणि खुणा?" त्यांनी विचारलं.

"नवे कपडे येणार म्हटल्यावर जुन्या खुणांचा प्रश्न उरत नाही."

"नव्यांना घालायच्या का?"

"मेट्रनबाईंची तक्रारच त्याबद्दल आहे, मास्तर."

वहिनींनी शेंगांचं ताट बाजूला सरकवलं. "भावोजी, यांना ती शर्टाची गोष्ट सांगू का?"

"कशाला?"

"सांगते." त्या माझ्याकडे वळल्या. "हे घरी आले ना तेव्हाची गोष्ट. यांच्या दादांनी आणलं. मी यांचे कपडे नीट धुऊन, घडी करून कपाटात ठेवले होते चौदा महिने. निळ्या रेघांचा शर्ट यांचा फार आवडता. तो काढून दिला. हे बघत राहिले. म्हणाले, हा कुणाचा? म्हटलं, तुमचाच. तर म्हणाले, माझा नाही, दादाचा असेल. दुसरा दिला, तोच प्रकार. चार दिवस तिथला राखाडी शर्ट अंगावर. तो यांना चालत होता, कारण तो कुणाचाच नव्हता."

"पाच दिवस," मास्तर म्हणाले.

"चार. मी धूत होते, मला माहीत. मग मी काय केलं, यांच्यासमोर बसले आणि त्या रेघांच्या शर्टाच्या कॉलरला आतून निळ्या दोऱ्यानं टाके घातले. म्हटलं, भावोजी, हे दोन टाके दिसले की तो तुमचा. दुसऱ्या कुणाचा नाही. दादांनी मागितला तरी द्यायचा नाही."

"तीन टाके होते."

"दोन."

"पहिला सुटला होता म्हणून परत घातलात. म्हणजे तीन."

वहिनींनी माझ्याकडे बघून हात पसरले. "आता या माणसाशी कोण हुज्जत घालणार?"

मी हसलो, पण विचारायचं ते विचारावंच लागलं. "मग मास्तर, कार्यक्रमात हीच गोष्ट सांगाल का? अध्यक्षांना हेच हवंय. लोकांना पटेल."

मास्तरांनी हातातली शेंग खाली ठेवली. "सचिवसाहेब, मी तिथं उभा राहिलो तर लोक मला बघतील. घरी जाऊन सांगतील, असा असा एक माणूस बघितला. शर्ट कोण बघणार?" मग पुन्हा शेंग उचलून, "मला व्यासपीठ नको. खुणा राहू द्या."

"ते माझ्या हातात नाही."

"सभा कधी आहे?"

"शुक्रवारी. निर्णय तेव्हाच व्हायचा."

"मी येईन," ते म्हणाले. "तिथं सांगतो. नऊजण आहेत ना? नऊजण चालतील."

परत येताना मला जाणवलं की हा माणूस कसला सौदा करतोय. तेहतीस वर्षं 'बाहेरगावी' या एका शब्दामागे त्यांनी स्वतःला ठेवलं होतं आणि आम्ही ठेवू दिलं होतं. तो शब्द ते आता छत्तीस माणसांच्या शर्टांसाठी सोडणार होते, आणि एवढं करून खुणा राहतीलच याची खात्री नव्हती. अध्यक्षांनी मनात आणलं तर नव्हत्याच राहणार. मत देताना अध्यक्षांच्या विरुद्ध जाणारी माणसं आमच्याकडे फारशी नाहीत.

शुक्रवारी मेट्रनबाईही आल्या होत्या. अध्यक्षांनीच बोलावलं होतं, तक्रार तोंडी ऐकली की विषय लवकर संपेल म्हणून. मास्तर दाराजवळच्या खुर्चीवर बसले. सुयांचा डबा मांडीवर. तो का आणला होता ते मी विचारलं नाही, मला वाटतं हातांना काहीतरी हवं होतं.

अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, बोला. काय ते थोडक्यात."

मास्तर उभे राहिले. "धाकटे मालक, चूक माझी आहे. खूण घातली तर माल खुणेवर द्यायला हवा. मी खुणा घातल्या आणि आपण वजनावर दिला. असं आपल्या दुकानात झालं असतं तर गिऱ्हाइकांनी काउंटर तोडला असता. त्या लोकांनी फक्त नाश्ता उशिरा केला." एवढं बोलून ते थांबले. "मी तिथं चौदा महिने होतो. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. तेवढ्या दिवसांत मी एकदाही, हा माझा नाही, असं म्हणालो नाही. कारण माझं काही नव्हतंच. घरी आल्यावर वहिनीनं माझाच शर्ट पुढं केला तर मी तो ओळखला नाही. हे एवढंच. कार्यक्रमात मी बोलणार नाही."

ते बसले. मी घड्याळ बघितलं नाही, पण एका मिनिटाहून जास्त ते बोलले नसावेत.

अध्यक्ष टेबलाकडे बघत होते. मग मेट्रनबाईंकडे वळून म्हणाले, "बाई, तुमची तक्रार—"

"तक्रार आहेच," मेट्रनबाई म्हणाल्या. उंच, थकलेल्या चेहऱ्याची बाई. "छत्तीस माणसं आणि सेवक दोन. मला सव्वा तास परवडत नाही."

ड्रायक्लीनवाल्या बाईंनी माझ्यासमोरचं पत्र ओढून घेतलं. चष्मा लावला. "सचिव, हा चौथा मुद्दा तुम्ही त्या दिवशी फार भरभर वाचलात." आणि त्यांनी तो पुन्हा वाचला, सावकाश. गेली दोन वर्षे कोणाशीही बोलत नाहीत. हा माझा नाही. मोठ्याने. "मेट्रनबाई, हे तुम्ही तक्रारीत लिहिलंत?"

"मग कुठं लिहू?" मेट्रनबाई म्हणाल्या. "आमच्याकडे गैरसोयीचा फॉर्म आहे. चांगलं काही झालं तर लिहायला कागदच नाही."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"तुम्हाला काय हवंय ते सांगा," अध्यक्ष म्हणाले. "बंद करायचं?"

मेट्रनबाईंनी मास्तरांकडे बघितलं. "बंद करा. पण मग एकतीस नंबरला तुम्हीच येऊन सांगा. त्या गुरुवारपासून ते रोज सकाळी ढिगापाशी येऊन उभे राहतात. शोधतात. आधी ते खाटेवरून उठतही नव्हते. मी नाही सांगणार त्यांना."

मास्तर बसल्या जागेवरून म्हणाले, "ढीग नको. छत्तीस वेगळी गाठोडी करून देतो. खाटेवर ठेवायची, बास. पंधरा मिनिटंही लागणार नाहीत. पहिले काही दिवस मी येतो."

मत घेतलं. खुणांसह धुलाई चालू ठेवायच्या बाजूनं पाच, विरुद्ध चार. अध्यक्षांचा हात विरुद्ध होता. त्यांना कार्यक्रम हवाच होता आणि ते शेवटपर्यंत म्हणत राहिले की असल्या कामाचा फोटो येत नाही. पण सभा उठल्यावर कागद आवरताना मी ऐकलं, ते मास्तरांना म्हणत होते, "मंगळवार आणि शुक्रवार सकाळी तुम्ही तिकडे जा. टेबल दुपारी. पगार कापणार नाही." मास्तर म्हणाले, "बरं, मालक." तेहतीस वर्षांत 'धाकटे' हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच वगळला असावा. निदान मी तरी त्यांच्या तोंडून नुसतं 'मालक' पहिल्यांदाच ऐकलं.

दारात मास्तरांनी मला गाठलं. "इतिवृत्तात माझं ते लिहू नका."

मी एकतीस वर्षांत सभेत बोललेला एक शब्द गाळला नव्हता. त्या दिवशी लिहिलं, 'विषयावर चर्चा झाली.' गेल्या महिन्यात त्यांना विचारूनच ही हकिकत लिहायला घेतली. म्हणाले, "आता लिहा. आता तिथं वॉर्डातही सगळ्यांना माहीत आहे, मग इथं काय."

याला आता अकरा महिने झाले. गाठोड्यांची पद्धत बसायला दीड महिना लागला. दोनदा चुकीच्या खाटेवर गेली, एकदा इस्त्रीवाल्यानं नऊ आणि एकोणीस एकत्र बांधली. महिलांचा वॉर्डही आता घेतला आहे, तो ड्रायक्लीनवाल्या बाईंकडे. फार मोठा फरक पडला असं मी म्हणणार नाही. पहिल्या वॉर्डातली कितीतरी माणसं अजूनही कॉलर बघत नाहीत, जे मिळेल ते घालतात. औषधं, डॉक्टर, नातेवाइकांचं येणं न येणं हे सगळं आहे तसंच आहे. आम्ही कपडे धुतो.

नवे शर्ट मात्र शिवून द्यावे लागले, जुने विरले होते. छातीवर बोधचिन्ह नाही. मास्तरांनी एकच मागणं केलं होतं: खिसा हवा. मेट्रनबाई आधी नको म्हणाल्या, काय काय भरून ठेवतील म्हणून. मग म्हणाल्या, एक चालेल. आता त्या टेबलावर दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुड्यांची वेगळी रांग लागते. मी एकदा बघितली. एका पुडीत तीन गुळगुळीत खडे, एकीत दिनदर्शिकेचं चौकोनी फाडलेलं पान, एकीत बिस्किटाचा तुकडा. बिस्किट तरी टाका, म्हटलं. मास्तरांनी माझ्याकडे फक्त एकदा बघितलं. पुडीवर दोन उभ्या रेघा आणि पाच फुल्या काढून त्यांनी ती शर्टाला टाचली.

गेल्या शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर वॉर्डात गेलो. निवृत्त व्हायच्या आधी एकदा बघावं म्हणून. एकतीस नंबरचे गृहस्थ खाटेवर बसले होते, समोर गाठोडं सोडलेलं. साठीचे, दाढी नीट केलेली. आम्हाला बघताच त्यांनी शर्ट उचलून पुढं केला.

"हे बघा," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण रागीट होता. "बटण कुठाय? मागच्या वेळी होतं. मधलं. तुमच्या दुकानात काढलं कुणीतरी."

सेवक पुढं आला, "अहो, बटण तुम्हीच—" तर मास्तरांनी त्याला हातानं थांबवलं. त्यांनी कॉलर उलटी केली, खूण बघितली, जणू काउंटरपलीकडे कुणी अनोळखी गिऱ्हाईक उभं आहे.

"माफ करा," मास्तर म्हणाले. "चूक आमची. लावून देतो."

"आत्ता लावा. मी थांबतो."

"हो, आत्ताच."

त्यांनी खिडकीजवळचं स्टूल ओढलं आणि डबा उघडला. एकतीस नंबरचे गृहस्थ शेजारी उभे राहून, मान पुढं काढून, प्रत्येक टाका बघत होते. चौथ्या टाक्याला म्हणाले, "अजून एक."

मास्तरांनी अजून एक घातला.